उजवा घोटा

तिने दोन बोटं अण्णांच्या पावलावर ठेवली, नाडी हाताला लागेपर्यंत डोळे मिटले आणि मग स्केचपेनने कातडीवर एक निळी रेघ ओढली. सुईने या रेघेपासून लांब राहायचं होतं.

"नकाशा काढतेयस का?" अण्णांनी टेबलावर पडल्या पडल्या विचारलं.

"हलू नका."

"मी कुठे हलतोय. गुदगुल्या तू करतेयस."

टेक्निशियन हसला. अण्णांना खोलीत आणल्यापासून त्याचं आणि त्यांचं जमलं होतं. त्याचे सासरे एसटीत होते, अण्णांनी आख्खी नोकरी बस चालवण्यात काढलेली; तेवढं पुरे झालं. मशीन पायावर आणता आणता त्याने कुठल्या घाटात कुठलं वळण वाईट आहे याची चर्चा उरकून घेतली होती. तिला ते बरं वाटत होतं. त्या दोघांचं बोलणं चालू असलं की तिला बोलावं लागत नव्हतं.

तिने दिवा जवळ ओढला. घोट्याची बाहेरची बाजू अजून सुजलेली होती. तीन आठवडे झाले होते. जांभळा रंग उतरून आता पिवळट हिरवा झाला होता आणि टाचेपर्यंत ओघळला होता. टाच मात्र तीच होती, लहानपणी तिला जोड्याच्या तळव्यासारखी वाटायची तशी, भेगाळलेली आणि टणक. हा उजवा पाय. ब्रेकचा.

"आता काय करणार ते मला एकदा नीट सांग," अण्णा म्हणाले. "हाडांचे डॉक्टर भराभर बोलतात."

"घोट्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते. तिच्यात मी एक औषध सोडणार. पाण्यासारखंच असतं, पण एक्स-रेत उठून दिसतं. पिशवी आणि बाहेरचं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, धड असेल तर औषध आतच राहील. फाटलं असेल तर ते तिथून बाहेर पडेल, आणि आपल्याला पडद्यावर दिसेल."

अण्णांनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे ऑइल कुठून गळतंय ते बघायचं."

"तसंच."

"मग एवढं शिकायची काय गरज होती, ठकू? आमच्या डेपोतला फिटर गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा. सकाळी पुठ्ठा बघितला की झालं."

टेक्निशियन पुन्हा हसला. मॅडमना घरी ठकू म्हणतात ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर जाणार, हे तिच्या लक्षात आलं. ती सुया मांडत राहिली.

आजकाल ही तपासणी फारसं कुणी करत नाही. घोट्याच्या आतलं बघायचं तर सरळ एमआरआय करतात. पण अण्णांच्या छातीत जुना पेसमेकर होता, आणि त्या मशीनच्या चुंबकाजवळ त्यांना नेणं शक्य नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पाहिली, पण त्याने त्यांचं समाधान झालं नाही. मग त्यांनी तिला फोन केला. तुम्ही अजून करता ना हो ती जुनी तपासणी? पेशंट तुमचे वडीलच आहेत म्हणा, तुम्हाला अवघड वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला... मीच करते, असं ती त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणाली होती.

खुर्चीवर घडी करून ठेवलेल्या अण्णांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला.

अण्णा एकदम कोपरांवर उठले. "शेजारच्या काकू असतील. बघ जरा."

"वाजू दे. हात धुतलेत मी."

"अगं, त्या उगाच नाही करत फोन. आईने दार उघडलं असेल."

टेक्निशियनने फोन काढून त्यांच्या कानाशी धरला. काकूंचा आवाज खोलीभर ऐकू आला. काही नाही हो, बसल्यात खिडकीशी. तो माणूस कुठे गेला म्हणून सारखं विचारतायत. मी म्हटलं येईल आता. तुम्ही सावकाश या. पण फार सावकाश नको, मला कुकर लावायचाय.

"तो माणूस," अण्णा टेक्निशियनला म्हणाले. "म्हणजे मी. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, आता कुठे माणूस झालो."

त्यावर टेक्निशियनला हसावं की नाही ते कळेना. त्याने फोन परत खिशात ठेवला. अण्णा पाठीवर पडले आणि छताकडे बघत राहिले. तिने पायावर गार जंतुनाशक फासलं, तेव्हा त्यांच्या पायाची बोटं आपोआप आत वळली.

तीन आठवड्यांपूर्वी हेच पाऊल तिच्यासमोर होतं, याच मजल्यावर, दोन खोल्या पलीकडे.

आई जिन्यावरून खाली निघाली होती आणि तिला धरायला जाताना अण्णांची पायरी चुकली होती. शेजारच्यांनी रिक्षात घालून आणलं. आईलाही आणलं होतं, कारण तिला एकटं ठेवायचं कुठे? ती बाकावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला, ही गाडी कधी सुटणार, असं विचारत होती. इकडे लेकीने अण्णांचा साधा एक्स-रे काढून घेतला. फिल्म दिव्यासमोर धरली. हाड कुठेही मोडलेलं नव्हतं. ते खरंच होतं.

फिल्म बघितल्यावर पेशंटच्या पायाला हात लावायचा, घोट्याच्या गाठीखाली अंगठ्याने दाबायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, हे ती दर वर्षी नव्या डॉक्टरांना शिकवायची. एक्स-रे हाडाबद्दल बोलतो, बाकीचं पेशंटचा चेहरा बोलतो, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. त्या दिवशी सूज तिला दिसत होती. अंड्याएवढी होती. तिने हात पुढे नेला, आणि तेवढ्यात बाकावरून आईचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, ती पांढऱ्या कोटातली बाई आहे ना, तिच्या घरी मला पाठवू नका.

गेल्या वर्षी आई दोन आठवडे तिच्या घरी होती. अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं म्हणून. रोज सकाळी ती चहा घेऊन आईच्या खोलीत जायची, आणि रोज सकाळी आई अंथरुणात भिंतीला टेकून बसलेली असायची, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून. कोण तुम्ही? माझ्या बांगड्या काढू नका. तिने नवऱ्याला पाठवून बघितलं, मुलीला पाठवून बघितलं. त्यांच्यावर आई चिडायची, पण भ्यायची फक्त तिला. शेवटच्या दिवशी आंघोळ घालताना आईने तिच्या मनगटाला चावा घेतला आणि मग स्वतःच इतकी रडली की शेजारचे दार वाजवायला आले. अण्णा आईला घेऊन गेले त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून नवऱ्याला म्हटलं होतं, पुन्हा नको रे. माझ्याच्याने पुन्हा नाही होणार. नवऱ्याने फक्त गॅस बारीक केला होता.

तर त्या दिवशी तिने पुढे नेलेला हात फिल्मकडे वळवला. "काही नाही, अण्णा. हाड शाबूत आहे. मुरगळलाय नुसता. क्रेप बँडेज बांधा, बर्फ लावा. चालायला हरकत नाही."

अण्णा "बरं" म्हणाले होते. मग आईचा हात धरून, एक पाय ओढत, लांब कॉरिडॉरमधून चालत गेले होते. ती बघत उभी राहिली होती. आपण व्हीलचेअरही मागवली नाही, हे तिला ते वळणाआड गेल्यावर सुचलं.

"आता टोचेल," ती म्हणाली.

भुलीचं इंजेक्शन दिलं. थोडं थांबून मोठी सुई घेतली. टेक्निशियनने मशीन चालू केलं आणि पडद्यावर अण्णांचा घोटा आला, आजूबाजूचं काहीही नसलेला, नुसता हाडांचा. सुईचं टोक सावलीसारखं पुढे सरकलं आणि सांध्याच्या फटीत शिरलं. तिचा हात स्थिर होता. हात नेहमीच स्थिर असतो, तिच्या मनात आलं.

"दुखतंय?"

"नाही. तू कर."

तिने औषध सोडायला सुरुवात केली. पडद्यावर फटीत एक काळी रेघ उमटली, जाड झाली, दोन्ही हाडांमधून पसरली. पुढच्या बाजूला एक फुगवटा आला, मागच्या बाजूला एक. मग वर, दोन हाडांच्या मधल्या जागेत, एक बारीकशी जीभ. सगळं जिथे यायला हवं तिथेच. तिने सुई काढली, घोटा हातात धरून हळूहळू खालीवर केला, म्हणजे औषध सगळीकडे जावं. बाहेरच्या गाठीखाली, जिथे सूज होती, तिथे पडदा राखाडीच राहिला. थेंबभरही बाहेर आलं नाही.

"क्लीन आहे, मॅडम," टेक्निशियन म्हणाला.

"आडव्या बाजूनेही बघू."

आडव्या बाजूनेही काही नव्हतं. शिशाच्या एप्रनखाली तिचे खांदे सैल पडले. किती वेळ ते वर ओढलेले होते कोण जाणे. पिशवी धड होती. म्हणजे त्या दिवशी ती बरोबरच होती. मुरगळलाच होता. म्हातारं शरीर, भरून यायला वेळ लागतो, आणि अण्णांना पूर्वीपासून थोडं कुरकुरायची सवय. आज घरी गेल्यावर नीट जेवता येईल, असंही तिला वाटलं, आणि लगेच कसंसंच झालं.

"झालं, अण्णा. कुठेही गळती नाही."

अण्णा मान वळवून पडद्याकडे बघत होते.

"नीट बघितलंस?"

"बघितलं ना. दोन्ही बाजूंनी."

"ते काय मग? ते खालचं?"

"ती पिशवीचीच घडी आहे. सगळ्यांना असते."

"आणि हे इकडचं टोक?"

"तेही असायलाच हवं. सगळं चांगलं आहे, अण्णा. चांगली बातमी आहे."

"हां." त्यांनी पडद्यावरून नजर काढली. "चांगलीच आहे." मग थोड्या वेळाने, छताला सांगितल्यासारखं, "म्हणजे चालायचंच."

बोलता बोलता हजारदा वापरला जाणारा शब्द. कुणाचं काही गेलं, कुणाचं काही बिनसलं, की माणसं म्हणतात, चालायचंच. पण अण्णा तसे म्हणाले नव्हते. सुट्टीचा अर्ज नामंजूर झाल्यावर माणूस पुन्हा खुर्चीत बसतो, तसं त्यांचं तोंड झालं होतं. ती हातमोजे काढता काढता थांबली.

"काका, थांबा, मी आधार देतो," टेक्निशियन म्हणाला. पण अण्णांनी तोवर पाय खाली सोडले होते. काकूंना कुकर लावायचा होता. त्यांनी डाव्या पायावर भार दिला, मग उजवा टेकवला, आणि उजवा घोटा बाहेरच्या बाजूला लवंडला. सहज, बिजागरीवर दार फिरावं तसा. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल पकडलं. टेक्निशियनने काखेत हात घालून त्यांना सावरलं.

"सुन्न आहे म्हणून," अण्णा म्हणाले. "काही नाही, सुन्न आहे म्हणून."

"हो, भूल उतरायला वेळ लागतो, काका."

भूल कातडीला आणि सांध्याला दिली होती. पायाच्या ताकदीला नाही. हे टेक्निशियनला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला होतं. आणि दुसरंही एक ठाऊक होतं, जे पडदा स्वच्छ दिसल्या क्षणापासून ती बाजूला सारत होती. ही तपासणी पहिल्या आठवड्यात करायची असते. नंतर फाटलेली पिशवी गोठलेल्या रक्ताने आणि नव्या जाळीने वरवर बुजून जाते, औषधाला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि चित्र खोटं बोलतं. लिगामेंट आत तुटलेलंच असतं. हेही ती दर वर्षी शिकवायची. तीन आठवड्यांनी मिळालेल्या स्वच्छ चित्राला काही अर्थ नव्हता. तो अर्थ कुणी घालवला तेही स्पष्ट होतं.

हाडांच्या डॉक्टरांना ती, गळती नाही, एवढंच कळवू शकत होती. ते खोटं नव्हतं. त्यांचा तिच्यावर विश्वास होता.

"झोपा परत," ती म्हणाली.

"का गं? झालं म्हणालीस ना?"

"एक राहिलंय."

तिने शिशाचे जाड हातमोजे चढवले. टेक्निशियनला पाय समोरून दिसेल असं मशीन लावायला सांगितलं. मग एका हाताने नडगी खालून घट्ट धरली, दुसऱ्या हातात टाच घेतली. एवढ्या वर्षांत आपण अण्णांच्या पायाला कधी हात लावला, हे तिला आठवेना. वाकून नमस्कार करतानाही बोटं जेमतेम टेकत.

"मी पाय आत वळवणार आहे. दुखलं तर सांगा. खरंच सांगा."

"वळव."

तिने वळवला. पडद्यावर वरचं हाड आणि खालचं हाड, एकमेकांवर सपाट बसलेली, बाहेरच्या बाजूने एकमेकांपासून सुटली. फट रुंदावत गेली. खालचं हाड तिरपं झालं, उघडलं, आणि तिने आणखी थोडा जोर दिला तशी काळ्या औषधाची त्रिकोणी पाचर त्या उघडलेल्या जागेत भरली. थांबवायला आत काहीच उरलेलं नव्हतं.

टेक्निशियनने फोटो घेतला आणि तिच्याकडे बघितलं.

"दुसऱ्या पायाचा पण घ्या," ती म्हणाली. "तुलनेला."

डावा पाय तिने तेवढ्याच जोराने वळवला. तो जागचा हलला नाही.

"सापडलं?" अण्णांनी विचारलं.

"सापडलं."

"मोडलंय?"

"लिगामेंट तुटलंय. बाहेरची दोन्ही, बहुतेक."

"मग आता?"

"प्लास्टर घालतील किंवा बूट देतील. नाही जमलं तर ऑपरेशन. ते डॉक्टर ठरवतील. पण चालायचं नाही."

"घरातल्या घरात?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, अण्णा."

अण्णांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावर ठेवले. त्यांचं पोट गाऊनखाली वरखाली व्हायला लागलं. टेक्निशियन पुढे झाला. "काका, अहो घाबरताय काय! प्लास्टरला काही दुखत नाही." अण्णांनी चेहऱ्यावरून हात न काढता मान हलवली. टेक्निशियनने तिच्याकडे बघितलं, आणि मग, व्हीलचेअर घेऊन येतो, असं पुटपुटत तो बाहेर गेला. दार आपोआप मिटलं.

मशीनचा पंखा तेवढा चालू होता. तिने हातमोजे काढून ठेवले. पायावरची निळी रेघ पुसायला कापूस घेतला.

"त्या दिवशी मी इथे दाबून बघायला हवं होतं," ती म्हणाली. तिने बोट गाठीखाली ठेवलं. "इथे. मी बघितलं नाही."

"तुला काम होतं. गर्दी किती होती."

"नव्हती."

अण्णांनी हात खाली घेतले. डोळे ओले होते. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, आणि ती रेघ पुसत राहिली, पुसून झाली तरी. त्यांनी काही विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

"जिन्यात पडलो ना," ते म्हणाले, "ती वर उभी होती. हाका मारत होती, अहो ड्रायव्हर, अहो ड्रायव्हर. आणि मी खाली. तेव्हा मनात पहिलं काय आलं सांगू?"

तिने कापूस टाकला.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "तेवढंच. दुखायच्या आधी ते आलं. मग तू म्हणालीस, काही नाही, चाला. मी म्हटलं, बघ, देव बघत असतो."

"अण्णा."

"नाही, ऐक. मी काही तिला टाकत नाही. आज सकाळी येताना मी त्या काकूंना म्हटलं, सगळं ठीक निघू दे म्हणून प्रार्थना करा. तोंडाने म्हटलं." त्यांनी गाऊनच्या बाहीने नाक पुसलं. "पोटात काय होतं ते माझं मला माहीत."

ती टेबलाच्या कडेला टेकली. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"आईला मी नेते," ती म्हणाली.

"तुझी पंचाईत होईल."

"होऊ दे."

"ती भिते तुला."

"माहितेय."

अण्णा उठून बसले. पाय तिने उशीवर टेकवून दिला. ते बसल्यावर त्यांचा आवाज बदलला, ड्यूटी संपताना दुसऱ्या ड्रायव्हरला गाडीची खोड सांगावी तसा.

"सकाळी समोरून जाऊ नकोस. बाजूने जा आणि आधी खिडकी उघड, मग बोल. आंघोळीला, आंघोळ असं म्हणायचं नाही. नुसतं गरम पाणी तयार आहे म्हणायचं. भात देऊ नकोस एकदम, थोडा थोडा वाढ. आणि दिवस कलला की तिला घरी जायचं असतं. घरात बसलेली असते आणि घरी जायचंय म्हणते. तिला समजवायला जाऊ नकोस, काही उपयोग नाही."

"मग तुम्ही काय करता?"

अण्णा जरा ओशाळले. "नेतो. दोन खुर्च्या मांडायच्या, एकामागे एक. तिला मागे खिडकीशी बसवायचं. मी पुढे. स्टार्टर मारायचा, गिअर टाकायचे. वळण आलं की आधी सांगायचं, नाहीतर घाबरते. खड्डा आला की सांगायचं. मी जुना रूट घेतो, सगळे थांबे घेत. कधी अर्ध्या तासात पोचतो, कधी जास्त. मग ती म्हणते, आलं, आलं, थांबवा. उतरते, म्हणते, चांगली चालवलीत हो गाडी. की झालं. मग जेवते."

"रोज?"

"रोज. नाहीतर जिन्याकडे जाते ना."

ती दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी जायची. फळं घेऊन, औषधं घेऊन. संध्याकाळी ती तिथे कधी नव्हती. तिने उशीवरच्या त्या पायाकडे बघितलं. तीन आठवडे, दर संध्याकाळी, सगळे थांबे घेत.

"ब्रेक लावत होतात?" तिने विचारलं. "या पायाने?"

"न लावून कसं चालेल? तिला कळतं."

तिने उगाचच टेबलाची चादर ओढून सरळ केली.

"मला गाडी चालवता येत नाही, अण्णा. तुम्हीच शिकवणार होता."

"तू कशाला चालवतेस! जावईबापूंना बसव पुढे. तू कंडक्टर हो. तिकीट दे, सुट्टे पैसे माग, जरा खेकस. कंडक्टर खेकसला की ती नरम होते, बघ. डॉक्टरला भिते, कंडक्टरला नाही."

ती हसली, आणि हसताना डोळे भरून आले म्हणून तिने तोंड फिरवलं. टेक्निशियन व्हीलचेअर घेऊन आत आला तेव्हा ती मशीनवरची चित्रं क्रमाने लावत होती. उघडलेल्या घोट्याचं चित्र तिने सगळ्यात आधी ठेवलं. खाली टाइप करताना अण्णा पडल्याची तारीख आणि पहिल्या एक्स-रेची तारीख, दोन्ही लिहिल्या. पहिल्या तपासणीत लिगामेंट तपासलं गेलं नाही, असं एक वाक्य लिहिलं, आणि त्याखाली आपलं नाव घातलं.

अण्णांना खुर्चीत बसवलं. टेक्निशियन पुढे जाऊन लिफ्टचं बटण दाबून उभा राहिला. आपल्या सासऱ्यांनी दरीच्या कडेला बस कशी थांबवली होती ते तो तिथूनच मोठ्याने सांगत होता. अण्णांनी हाताने तिला खाली वाकायची खूण केली. लहानपणी मिठाईच्या दुकानासमोर तीच त्यांना अशी खूण करायची.

तिने कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"किती दिवस म्हणतील?"

"दीड महिना. साधारण."

अण्णांनी लिफ्टकडे बघितलं, मग मांडीवरच्या हातांकडे.

"दोन नाही का सांगता येणार?"

ती सरळ झाली. टेक्निशियन हसत मागे वळून बघत होता, दरीची गोष्ट शेवटाला आली होती. तिने खाली बसून अण्णांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि खुर्चीच्या पट्टीवर नीट ठेवला.

"सांगते," ती म्हणाली.

लिफ्ट येईपर्यंत दोघंही दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिले.